ओझे आणि वजन

(वर्षावास समारोपाच्या कार्यक्रमात रोहा येथे केलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हाला व्यायामावर दोन शब्द बोलावयास सांगितले तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही पहिलवान नाही. पेणच्या एका बँकेत कारकून, कला शाखेचे पदवीधर, वय वर्षे ४७. आमच्याकडे पाहून कोणाला व्यायामाची आठवण व्हावी अशी आमची देहयष्टी नाही. परंतु यंदाच्या वर्षावासाच्या तीन महिन्यांत आम्ही पाच जणांनी एका पुस्तकावरून वजने उचलण्याचा जो प्रयोग केला, तो आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कानावर गेला आहे. काहींनी कौतुक केले, काहींनी थट्टा केली. तेव्हा जे घडले ते जसेच्या तसे, चुकांसह, आपणांसमोर ठेवावे एवढ्याच हेतूने आम्ही उभे आहोत.

सुरुवात बँकेतच झाली. रोकड विभागात नाण्यांच्या पिशव्या असतात. सकाळी त्या तिजोरीतून काउंटरवर आणावयाच्या आणि संध्याकाळी परत न्यावयाच्या. एके दिवशी शिपाई रजेवर होते म्हणून आम्ही स्वतः पिशवी उचलावयास गेलो आणि कमरेत अशी कळ आली, की दहा मिनिटे टेबल धरून उभे राहिलो. आमच्याहून सात वर्षांनी मोठे असलेले आमचे शिपाईदादा तीच पिशवी रोज सहज उचलतात. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासले आणि म्हणाले, "साहेब, पाठ खराब झालेली नाही, पण ती कमजोर झाली आहे. औषधाने दुखणे थांबेल, ताकद येणार नाही." आम्ही घरी आलो तेव्हा आम्हाला आमच्या वडिलांची आठवण झाली.

आमचे वडील भातगिरणीत पोती वाहत. त्या काळी पोते १०० किलोचे असे. पाठीवर गोणपाटाची घडी ठेवून ते पोते घ्यावयाचे, फळीवरून चढावयाचे आणि थप्पीला लावावयाचे. मजुरी पोत्यावर मिळे. ज्या दिवशी अंगात ताप असेल त्या दिवशीही पोते तेवढेच जड असे. वयाच्या पन्नाशीत त्यांची पाठ वाकली, गुडघे गेले, आणि शेवटची दहा वर्षे त्यांना जमिनीवर मांडी घालून बसता आले नाही. त्यांनी आम्हाला शिकविले, पदवीधर केले आणि टेबल-खुर्चीवर बसविले. त्यांनी ओझी वाहिली ती आम्हाला वाहावी लागू नयेत म्हणून.

त्यामुळे आम्ही वजने उचलू लागलो आहोत हे कळले तेव्हा आमच्या आईने जो प्रश्न विचारला, तो आजच्या भाषणाचा खरा विषय आहे. ती म्हणाली, "अरे, तुझा बापूस पोती वाहून मोडला. आणि तू शिकूनसवरून, पदरचे पैसे घालून वजनं उचलतोस?"

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाला आमच्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हते. तीन महिन्यांनंतर थोडेसे आहे. ते असे, की ओझे आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काट्यावर दोन्ही सारखीच भरतात. पण ओझे किती असावे हे दुसरा ठरवितो, आणि वजन किती असावे हे आपण ठरवितो. ओझे अंगाला मोडते आणि वजन, योग्य रीतीने घेतले तर, अंगाला घडविते. असे का होते, ते आता सांगतो.

प्रथम पुस्तकाविषयी. आपल्यातील एक विद्यार्थी पोलीस भरतीची तयारी करीत आहे. तो पेणला राहतो. मुंबईला फाउंटनच्या फुटपाथवर त्याला एक जाडजूड जुने इंग्रजी पुस्तक मिळाले. नाव 'स्टार्टिंग स्ट्रेंग्थ', लेखक मार्क रिपटो. अमेरिकेत टेक्सास राज्यात व्यायामशाळा चालविणारे हे गृहस्थ. पुस्तक २००५ साली प्रथम निघाले आणि जगभर नवशिक्यांमध्ये गाजले. विद्यार्थ्याला इंग्रजी जड जात होते आणि आम्हाला हाडे-स्नायूंची नावे. तेव्हा संध्याकाळी बँक सुटल्यावर पेण स्थानकाच्या बाकावर, रोह्याच्या गाडीची वाट पाहत, आम्ही दोघे मिळून एकेक पान मराठीत लावीत असू. गाडीला उशीर झाला की पाने जास्त होत.

पुस्तकावरून व्यायाम शिकणे आपल्या महाराष्ट्रात नवे नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारावर पुस्तके लिहिली आणि आपल्या संस्थानातील शाळांत ते नमस्कार सुरू केले. बडोद्याहून मुजुमदारांनी १९३६ पासून 'व्यायाम ज्ञानकोश' काढावयास घेतला. त्याचे दहा खंड झाले. दंड, बैठका, जोर, मुद्गल, मल्लखांब हे सर्व त्यात आहे. म्हणजे विद्या होती, ग्रंथही होते. पण अनेक गावांत तालमीचा उंबरठा आपल्या वाडवडिलांना सहज ओलांडता येत नव्हता. त्यांच्या वाट्याला कष्ट भरपूर आले, व्यायाम आला नाही.

आता त्या पुस्तकात काय सांगितले आहे ते पाहू. प्रकार मोजकेच आहेत. बार खांद्यामागे घेऊन बैठक मारणे, बार जमिनीवरून उचलून सरळ उभे राहणे, उभ्याने बार डोक्यावर नेणे, बाकावर उताणे पडून बार छातीवरून वर ढकलणे, आणि बार जमिनीवरून झटक्यात खांद्यांपर्यंत आणणे. हा शेवटचा प्रकार आम्ही वगळला, कारण शिकविणारा जाणकार जवळ नसता तो करणे आम्हाला शहाणपणाचे वाटले नाही. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. बैठका पाच-पाचच्या तीन सेटमध्ये. जमिनीवरून बार उचलणे पाचच वेळा, एकच सेट. प्रथम रिकामा बार, म्हणजे २० किलो. आणि प्रत्येक वेळी मागच्या वेळेपेक्षा थोडेसे अधिक. संपला कार्यक्रम. विद्यार्थी म्हणाला, "काका, एवढ्यासाठी एवढे जाड पुस्तक?" पण बैठक कशी मारावी यावरच त्यात पानेच्या पाने आहेत. पाऊल कुठे, गुडघा कोणत्या दिशेला, कंबर किती मागे, नजर कुठे. कारण चूक झाली तर वजनाबरोबर चूकही वाढत जाते.

'थोडेसे अधिक' हे त्यातील मर्म आहे, आणि त्याचा इतिहास सांगण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील शिकागो शहरात एका लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म नावाचे तरुण डॉक्टर होते. जखमी सैनिकांचे पाय महिनोन्महिने अंथरुणात राहून काड्यांसारखे होत. त्यांना हलक्या वजनाने शेकडो वेळा पाय हलवावयास लावण्याची तेव्हा पद्धत होती. डीलॉर्म स्वतः लहानपणी संधिवाताच्या तापातून उठले होते आणि वजने उचलून त्यांनी आपले शरीर सावरले होते. त्यांनी उलट केले. वजन जास्त, वेळा कमी, आणि ताकद वाढेल तसे वजन वाढविणे. सैनिक लवकर उभे राहू लागले. १९४५ साली त्यांनी हे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. आज जिमची मुले सेट आणि वेळा मोजतात, त्या मोजणीमागे या डॉक्टरांचे काम आहे.

आम्ही पाच जण असे होतो. आम्ही स्वतः, तो विद्यार्थी, पेणच्या गणपतीच्या कारखान्यात काम करणारे एक बंधू, रोह्यातील एक शिक्षक, आणि धाटावच्या एमआयडीसीत पाळीत काम करणारे एक बंधू. पेणला एका छोट्या व्यायामशाळेत मासिक फी भरून मंगळवार व गुरुवारी संध्याकाळी, आणि रविवारी सकाळी येथे रोह्याला सभागृहामागच्या खोलीत. रोह्याच्या दोघांनी आपले मधले दोन दिवस याच खोलीत केले. येथील बार आणि प्लेट जुन्या विकत घेतल्या. धाटावच्या बंधूंनी वेल्डरकडून लोखंडी पाइपचे दोन स्टँड करून घेतले. पावसाळ्यात बारला गंज धरे, म्हणून दर रविवारी खोबरेल लावलेले फडके फिरवावे लागे. प्लेट लहान असल्यामुळे बार जमिनीला फारच खाली येई आणि उचलताना पाठ वाकत असे. शेवटी दोन्ही बाजूंना जांभ्याचा एकेक चिरा ठेवला आणि बार पुस्तकात दाखविलेल्या उंचीवर आला.

पहिले तीन आठवडे मोठ्या उत्साहाचे गेले. आमच्या बैठका २० किलोवरून सुरू झाल्या, दर वेळी अडीच किलो वाढवीत नवव्या खेपेला ४० किलोवर गेल्या. बार डोक्यावर नेण्याच्या प्रकारात मात्र २० किलोचा रिकामा बारही आम्हाला पाच वेळा नेता येईना. विद्यार्थ्याने न हसता १० किलोची लहान सळी आणून दिली, त्याबद्दल आम्ही त्याचे आभारी आहोत. आम्ही एक वही घातली. बँकेच्या खतावणीसारखे रकाने आखले. तारीख, प्रकार, किलो, वेळा, शेरा. ही वही आज आम्ही बरोबर आणली आहे. कार्यक्रम संपल्यावर कोणीही पाहावी.

त्या वहीत नवव्या खेपेपुढे लाल शाईने एकच शब्द आहे: "चूक." ती चूक आमचीच. जमिनीवरून बार उचलण्यात आम्ही ५० किलोपर्यंत आलो होतो. विद्यार्थ्याने ६० उचलले. आम्हालाही वाटले, आपणही ६० घ्यावे. वाढवावयाचे होते अडीच किंवा पाच, आम्ही दहा वाढविले. चार वेळा उचलले. पाचव्या वेळी पाठ वाकली, आणि तिजोरीपाशी आली होती तीच कळ पुन्हा आली. पुढचा संपूर्ण आठवडा आम्ही बार हातात धरला नाही. गुडघेही दुखत होते, झोप नीट लागत नव्हती. घरी आई काही बोलली नाही. तिने फक्त बाबांच्या फोटोकडे पाहिले. तिचे ते पाहणे आम्हाला फार लागले.

त्या आठवड्यात आम्ही पुस्तक पुन्हा वाचले, आणि आमचा पहिला गैरसमज दूर झाला. तो कार्यक्रम प्रामुख्याने पाच-दहा वर्षे वाढीची असलेल्या तरुण अंगाला डोळ्यांसमोर ठेवून बेतलेला वाटतो. हडकुळ्या तरुणाने वजन वाढविण्यासाठी दिवसाला एक गॅलन, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर, दूध प्यावे असा सल्लाही त्यात आहे. आमच्या वयाच्या, आमच्या पगाराच्या आणि साखरेच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाने तसे करणे म्हणजे रोगाला घरी बोलावणे होय. पुस्तक खोटे नाही, पण ते कोणासाठी लिहिले आहे हे वाचणाऱ्याने पाहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. व्यायाम करताना स्नायू वाढत नाही, तो थकतो. नंतर अन्न आणि झोप मिळाली की तो स्वतःला पहिल्यापेक्षा थोडा अधिक बळकट करून घेतो. पुढची खेप त्याच्या आधी आली तर दुरुस्ती अपुरी राहते. फार उशिरा आली तर कमावलेले ओसरते. तरुणाला एक दिवस पुरतो, आम्हाला दोन-तीन लागतात. आपणां सर्वांना सोण भिक्खूंची गोष्ट ठाऊक आहे. चालून चालून त्यांच्या पायांतून रक्त आले, तेव्हा तथागतांनी त्यांना त्यांच्याच वीणेची आठवण करून दिली. तार फार ताणली तरी सूर नाही आणि सैल सोडली तरी नाही. ती गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती आमच्या कमरेलाही लागू आहे हे कळावयास ४७ वर्षे लागली.

म्हणून पाचव्या आठवड्यापासून आम्ही नव्याने मांडणी केली. आठवड्यातून दोनच दिवस, बुधवारी पेणला व रविवारी रोह्याला. बैठका पुन्हा ३० किलोपासून. वाढ आठवड्याला एकदाच, अडीच किलो. विद्यार्थ्याने मात्र तीन दिवसांचा मूळ कार्यक्रमच चालू ठेवला, कारण तो त्याच्याच वयासाठी होता.

जमिनीवरून बार कसा उचलावा हे आम्हाला शेवटी पुस्तकाने नव्हे, तर गणपतीच्या कारखान्यातील बंधूंनी शिकविले. हंगामात ते आणि त्यांचे सोबती मोठमोठ्या मूर्ती टेम्पोत चढवितात. मूर्तीला ओरखडा जाता कामा नये, त्यामुळे हिसका देता येत नाही. ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही हातांनी उचलता. मूर्ती हातांनी उचलत नाहीत. आधी तिच्या जवळ जायचं, छाती वर ठेवायची, आणि पायांनी जमीन खाली ढकलायची." आम्ही पुस्तक उघडून पाहिले. त्यात दहा पानांत जे सांगितले होते ते हेच. बार नडगीला लागून, पाठ सपाट, जोर पायांचा. आमच्या वडिलांनाही हे ठाऊक असणार. कष्टकऱ्याच्या अंगात ही विद्या असतेच. त्याला नसते ती फक्त सवलत: आज कमी घेण्याची, उद्या विश्रांती घेण्याची.

येथे आईच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला सापडू लागले. बाबांचे पोते पहिल्या दिवशी १०० किलोचे होते आणि शेवटच्या दिवशीही १०० किलोचेच. अंगाची तयारी पाहून ते वाढले नाही, आजारपण पाहून ते कमी झाले नाही. दिवसाला पाच वेळा नव्हे, शेकडो वेळा. त्यावर खाणे काय, तर भाकरी आणि कोरड्यास. विश्रांती गिरणी बंद असेल त्या दिवशी, आणि त्या दिवशी मजुरी नाही. हे सर्व जगाला कळत नव्हते असे नाही. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ओझ्याच्या मर्यादेविषयी करार केला, आणि त्याबरोबरच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा आकडा घातला. आपल्या महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. आज ५० किलोची पोती सर्रास दिसतात, ती अशा दीर्घ झगड्यानंतर. बाबांना त्याचा लाभ मिळावयास उशीर झाला. पण त्यांच्या शरीराचे जे झाले ते वजनामुळे नव्हे, तर त्या वजनावर त्यांचा काही हक्क नव्हता यामुळे झाले, असे आम्ही आज म्हणतो.

आणि याची दुसरी बाजू अशी, की ओझे गेले म्हणून आपण सुटलो नाही. आपली पिढी खुर्चीवर बसली. वयाच्या तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात, आणि न वापरले तर अधिक वेगाने झिजतात. जेवणातील साखर साठविण्याचे मोठे कोठार म्हणजे हेच स्नायू. कोठार लहान झाले की साखर रक्तात राहते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार, जी २०२३ साली प्रसिद्ध झाली, देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे. या सभागृहात किती जणांच्या खिशात गोळ्या आहेत, हे आपण आपल्या मनाशी मोजावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांनी चालण्या-फिरण्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा असे सांगितले आहे. दोन दिवस. आमच्या बदललेल्या कार्यक्रमातही दोनच दिवस आहेत.

आता फलिताविषयी, वहीतील आकड्यांनीच बोलतो. बाराव्या आठवड्याच्या अखेरीस आमची बैठक ४७.५ किलोवर आली. बार जमिनीवरून उचलणे ३० वरून ७० किलोवर. डोक्यावर नेणे १० किलोच्या सळीवरून २५ किलोवर. विद्यार्थी बैठकीत ८० किलोवर गेला. हे आकडे मोठे नाहीत. कोणत्याही जिममधील तरणा मुलगा हसेल. पण आता नाण्यांची पिशवी आम्ही स्वतः उचलतो, आणि शिपाईदादा म्हणतात, "साहेब, माझी नोकरी घालवता काय?"

विद्यार्थी मित्रांसाठी थोडे अधिक सांगतो. आपल्यापैकी अनेक जण पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावताना आम्ही पाहतो. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक असते. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. धावण्याचा सराव सगळे करतात, गोळ्याचे गुण मात्र ताकद नसल्याने हातचे जातात. आपल्या विद्यार्थ्याचा गोळा तीन महिन्यांत जवळजवळ एक मीटर पुढे गेला. त्यात सरावाने सुधारलेल्या तंत्राचाही वाटा आहे, हे तो प्रामाणिकपणे सांगतो. आपल्या जिल्ह्यात कबड्डीला तोटा नाही. चढाईला जाणाऱ्या मुलांनीही मांड्यांच्या ताकदीचा विचार करावा. आणि एक कळकळीची सूचना: जिममध्ये कोणी पावडरचा डबा किंवा इंजेक्शन दाखविले तर तेथून निघावे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढासाठी शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण सांगितले आहे. व्यायाम करणाऱ्याने थोडे अधिक घ्यावे. कडवे वाल, हरभरे, सुकट, जवळा, अंडी हे आपल्या बाजारात आहे आणि आपल्या आयांना रांधता येते. नुसते पोहे आणि चहा यावर स्नायू बांधला जात नाही.

भगिनींनी असे समजू नये, की हा विषय पुरुषांचा आहे. १९९० साली अमेरिकेत बोस्टन येथे एका वृद्धालयात प्रयोग झाला. नव्वदीच्या घरातील १० वृद्धांना आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम दिला. ९ जणांनी तो पूर्ण केला, आणि त्यांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांच्या आसपास वाढली. म्हणजे हाडे-स्नायू म्हातारपणातही ऐकतात, फक्त कोणी विचारले पाहिजे. हे आम्ही आईला वाचून दाखविले. तिने ऐकले न ऐकल्यासारखे केले. दोन दिवसांनी पाहतो तो ती स्वयंपाकघरात उंच स्टुलावरून, हात न टेकता, उठत-बसत होती. पाच वेळा. मग थोडे थांबून पुन्हा पाच वेळा. आम्ही काही बोललो नाही. आठवडाभराने स्टूल जाऊन तिथे खुर्ची आली होती, म्हणजे तिने आपले आपणच अंतर वाढविले होते. तिचे वय ७२. आज ती या सभागृहाच्या पायऱ्या कठडा न धरता चढून आली आहे आणि दुसऱ्या रांगेत बसली आहे. आमच्यासाठी वहीतील सर्व आकड्यांपेक्षा हे मोठे आहे.

धोक्याचेही सांगितले पाहिजे. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा जुनी दुखापत आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजनाला हात लावू नये. वजन घेताना श्वास रोखून धरावा असे पुस्तकात आहे. रक्तदाब असणाऱ्याने तसे करू नये, त्याने वजन कमी ठेवावे आणि श्वास सोडीत उचलावे. बैठका एकट्याने मारू नयेत, दोन बाजूंना दोन माणसे असावीत. आणि दुसऱ्याच्या बारवरील प्लेट मोजू नयेत. आम्ही मोजल्या आणि एक आठवडा अंथरुणावर काढला.

आता कार्यकारिणीला तीन विनंत्या करून थांबतो. पहिली, ही मागची खोली वर्षावास संपल्यावरही बुधवार आणि रविवार उघडी ठेवावी. पेणच्या मंडळींना बुधवारी येथे येणे होणार नाही, त्यांच्यासाठी पेणलाही एखादी जागा पाहावी. दुसरी, भगिनींसाठी स्वतंत्र वेळ ठेवावी आणि तेथे शिकवावयास भगिनीच असावी. आपल्या मुलींपैकी दोघी भरतीची तयारी करीत आहेत, त्या तयार आहेत. तिसरी, प्रत्येकाच्या नावाची एक वही ठेवावी. रकाने आखून देण्याचे काम बँकेतील आमच्यासारख्या कारकुनाने स्वीकारले आहे असे समजावे.

परवा रात्री आईने पुन्हा विचारले, "मग, आता किती उचलतोस?" आम्ही म्हणालो, "सत्तर." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बापसाला कोणी असं विचारलं असतं, आज किती उचलशील म्हणून, तर बरं झालं असतं."

मित्रहो, त्यांना कोणी विचारले नाही. आज मागच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही प्रथम हाच प्रश्न विचारतो: आज किती उचलाल? उत्तर 'रिकामा बार' असले तरी ते वहीत लिहिले जाते. येत्या रविवारी सकाळी सात वाजता खोली उघडी असेल.